गूळ, हिरडा आणि मल्लेश्वरमचं घर

बंगळूरला गेलं की लालबाग, म्हैसूर पाक आणि एखादी रेशमी साडी, एवढं करून परतायचं हा आमचा शिरस्ता. यंदा मात्र वन्संनी दारातच सुनावलं, "साडीचं नंतर बघू. आधी या भिंतीला हात लावून बघ."

भिंत गार होती, पण कोरडी. दोन वर्षांपूर्वी तिथेच हात लावला तर पोपडे बोटाला चिकटून यायचे.

वन्संचं घर मल्लेश्वरममध्ये आहे. १८९८च्या प्लेगनंतर गावातली दाटी सोडून लोक या भागात येऊ लागले आणि अंगणवाली घरं उभी राहिली. सासऱ्यांनी बांधलेल्या या घराला मंगलोरी कौलं, लाल जमीन आणि खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या टोकदार टोप्या आहेत. इथे त्यांना 'मंकी टॉप' म्हणतात! यजमान गेल्यावर मुलं म्हणू लागली, घर बिल्डरला देऊ, फ्लॅट मिळतील. त्यांचंही खोटं नव्हतं. ओल छातीपर्यंत चढली होती. पण धाकटा इटलीला जाऊन जुन्या वास्तूंचे चार अल्बम भरतील एवढे फोटो घेऊन आला, तेव्हा वन्सं एवढंच म्हणाल्या, "तिथली बघून हरखतोस, आणि आपलं पाडायचं?"

दोष घराचा नव्हताच. पूर्वी कुणा कंत्राटदाराने चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला होता. चुना आतली ओल हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंटने ती वाट बंद होते, पाणी कोंडतं, खार फुलतो आणि विटा भुसभुशीत होतात. म्हाताऱ्या मेस्त्रींनी ते सिमेंट खरवडून काढलं. अंगणात खड्डा करून कळीचा चुना कित्येक दिवस पाण्यात मुरवला. मग त्यात वाळू, विटांची पूड, गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा. "आयुष्यभराच्या पुरणाला लागला नसेल एवढा गूळ भिंतींनी खाल्ला," वन्सं हसत सांगत होत्या. एक थर पुरता धरल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. सत्तरीच्या वन्सं रोज स्वतः गोणपाटं भिजवत होत्या. साठवलेले पैसे त्यातच गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांचं गाव दाखवलं. काडू मल्लेश्वराच्या देवळात १६६९चा शिलालेख आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी, म्हणजे आपले व्यंकोजीराजे, यांनी देवाला गाव इनाम दिल्याचा! १६३८नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, हे शाळेत शिकलो आणि विसरलो. मग १७९१ साली पुरा झालेला टिपूचा सागवानी महाल. आणि लालभडक अट्टारा कचेरी, म्हणजे सध्याचं उच्च न्यायालय. १९८०च्या दशकात ही इमारत पाडायचं ठरलं होतं. नागरिक कोर्टात गेले, बोंब उठली आणि ती वाचली. तिच्यासमोर वन्सं बराच वेळ उभ्या राहिल्या. मला ऊन लागत होतं, पण बोलले नाही.

पूर्वेच्या खोलीचं काम पैशांवाचून अडलंय. थोरला दिवाळीत येणार आहे, त्याच्याशी बोलणं व्हायचंय. त्याचं मत अजून फ्लॅटकडेच आहे.

निघताना साडीचा विषय कुणी काढलाच नाही. म्हैसूर पाकाचा डबा पिशवीत ठेवत वन्सं म्हणाल्या, "पुढच्या खेपेला जुन्नरकडचा हिरडा घेऊन ये हं, पाच किलो तरी."