खांबांवरची घरे आणि प्रबंधाचे एक वर्ष

पंचकुल्यातील सेक्टरांतून फिरताना एक रचना वारंवार दिसते: तळाशी मोटारींसाठी मोकळी जागा, उघडे खांब आणि त्यांवर चार मजले. तिचे प्रचलित नाव ‘स्टिल्ट प्लस फोर’. हरियाणा शासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अशा घरांच्या नव्या परवानग्या थांबवल्या आणि जुलै २०२४ मध्ये काही अटींवर पुन्हा सुरू केल्या. वादात पाणी, सांडपाणी आणि गर्दी हे मुद्दे होते. वास्तुअभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र येथे आणखी एक प्रश्न दिसतो.

भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार हा परिसर भूकंपक्षेत्र चारमध्ये येतो. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती ताठपणा देतात. तळाशी भिंतीच नसतात. जमीन हादरली की वरचा भाग एकसंध ठोकळ्यासारखा हलतो आणि जवळजवळ सारे वाकणे तळच्या खांबांवर येते. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशा अनेक इमारती कोसळल्या. म्हणूनच मानकात मोकळ्या तळमजल्यासाठी वेगळ्या अटी आहेत. एखादे घर त्या पाळते का, हे तपासायचे तर खांब मोजणे, मूळ आराखडे मिळवणे, संगणकावर प्रतिकृती उभारणे आणि प्रत्येक दिशेने ती हलवून पाहणे आवश्यक ठरते. वर्ष लागते ते यासाठी.

अशाच एका वर्षाची कथा न्यूयॉर्कची आहे. १९७८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थिनी डायेन हार्टली यांनी डेव्हिड बिलिंग्टन यांच्या मार्गदर्शनाखाली सिटीकॉर्प सेंटरवर प्रबंध लिहिला. ही ५९ मजली इमारतही खांबांवरच उभी आहे. कोपऱ्यात चर्च असल्याने तिचे खांब कोपऱ्यांत नसून प्रत्येक बाजूच्या मध्यावर आहेत. कोपऱ्यावर तिरका आदळणारा वारा गणितात घेताच हार्टली यांना ताण वाढलेले दिसले. त्यांनी विचारणा केली. इमारत सुरक्षित असल्याचे उत्तर मिळाले. त्या वाऱ्याचे मूळ गणित हाती आले नाही. प्रबंध मात्र पूर्ण झाला.

त्याच वर्षी रचनाकार विल्यम लेमेझरर यांनी फेरतपासणी केली. एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे आपण ती केली, असे त्यांनी पुढे सांगितले. तो विद्यार्थी कोण, याविषयी मतभेद आहेत. सांधे वितळजोडाऐवजी बोल्टांनी जोडल्याने धोका वाढला होता. रात्रीच्या वेळी पोलादी पट्ट्या जोडून दुरुस्ती झाली. १९९५ पर्यंत हे जनतेला कळले नाही. हार्टली यांनाही ते अनेक वर्षांनी समजले. अलीकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील संशोधकांनी पुन्हा गणित केले, तेव्हा तिरक्या वाऱ्याचा परिणाम मानला गेला तितका गंभीर नसल्याचे दिसले.

उत्तर बदलले, तरी मूळ गणित पाहण्याची गरज बदलली नाही. आश्वासन कितीही अनुभवी व्यक्तीचे असो, ते आकडेमोडीची जागा घेऊ शकत नाही. पंचकुल्यातील घरावर लिहिलेल्या प्रबंधातही म्हणूनच एक प्रकरण न मिळालेल्या माहितीचे असावे: कोणता आराखडा पाहता आला नाही, खांबातील कोणती सळई केवळ गृहीत धरली, कोणती दिशा तपासायची राहिली. गुणपत्रिकेत या प्रकरणाला कदाचित फार गुण नसतील. पण प्रबंध ग्रंथालयात ठेवला गेल्यानंतरही त्या खांबांवरच्या चार मजल्यांत माणसे राहत असतात, आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला काम नेमके तेथूनच सुरू करता येते.