तार्शीसचं तिकीट

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी उपासना सुटली, की मी मागच्या बाकावर नवी हजेरीवही उघडून बसते. डाव्या पानावर दहा दिवसांचे दहा पाठ लिहिते. नोहा, योसेफ, मोशे, रूथ, शमुवेल, दावीद, योना, जक्कय, पाच भाकरी, रिकामी कबर. उजवं पान कोरं असतं. मे महिन्यात आमच्या मंडळीत सुट्टीची शास्त्रशाळा भरते. मुलं तिला व्हीबीएस म्हणतात, आणि आता मोठ्यांच्या तोंडीही तेच बसलंय. तिची खरी तयारी म्हणजे हे उजवं पान भरणं. पाठ ठरायला एक संध्याकाळ पुरते. माणसं मिळेपर्यंत ईस्टर उलटून जातो.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ साली नगरला आली, पुढे आसपासच्या खेड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांतली आमची एक. दगडी भिंती, वर पत्रा, आवारात एक जुना उंबर. म्हाताऱ्या बायका अजून चर्चला देऊळ म्हणतात. मे महिन्यात पत्रा दहालाच तापतो, म्हणून शाळा सकाळी साडेसातला भरते आणि साडेअकराला सुटते. सत्तर-ऐंशी मुलं येतात. शेजारपाजारच्या घरांतलीही काही असतात, पण त्यांच्या आईवडिलांना आधी भेटून, विचारूनच.

वर्ग चार, आणि प्रत्येक वर्गावर दोन मोठी माणसं. हे दोनचं गणित मी कुणालाही मोडू देत नाही. एकटं माणूस, समोर मुलं आणि लोटलेलं दार, असं आमच्याकडे होत नाही. २०१२ चा पोक्सो कायदा आल्यापासून कमिटीत हे बोलणं सोपं झालं. त्याआधी 'आपलीच तर माणसं आहेत' हे उत्तर ऐकावं लागायचं. आपलीच आहेत म्हणून तर दोघं हवीत. तर आठ शिक्षक, दोन-तीन बदली, गाणी घ्यायला एक, पेटी आणि ढोलकीला दोघं, खिचडी-सरबताला महिला मंडळाच्या चौघी, रांजण भरायला आणि दारात उभं राहायला दोघं. वीस माणसं लागतात.

आणि नेमकी मे महिन्यात ती जागेवर नसतात. लेंटमध्ये आमच्याकडे लग्नं होत नाहीत, त्यामुळे ईस्टर झाला की साठलेली सगळी लग्नं एकदम निघतात. कुणाचा उन्हाळी कांदा काढायला आलेला असतो. कुणाची एमआयडीसीत पहिली पाळी लागते. जी बाई दरवर्षी बालवर्ग घेते, तिची सून बाळंतपणाला आलेली असते. हे नकार ऐकताना मला कधी राग आला नाही. नकार देणाऱ्याचा चेहरा पडलेला दिसतो, आणि पुष्कळदा तोच माणूस दाराशी थांबून म्हणतो, दहा दिवस नाही जमणार हो, पण तीन दिवस येऊ का? तीन दिवसांची माणसं जोडून दहा दिवस होतात, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

ही शाळा सुरू झाली तीच मुळी माणसांच्या आणि जागेच्या चणचणीत. १८९८ साली न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात एलायझा हॉज नावाच्या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर भटकणारी मुलं पाहिली आणि त्यांच्यासाठी चक्क एक बिअरचा हॉल भाड्याने घेतला. तिथे गाणी, बायबलातल्या गोष्टी आणि हस्तकला. १९०१ पासून रॉबर्ट बोविल यांनी तेच काम त्या शहरात पसरवलं. त्यांचा हिशेब मला फार आवडतो. उन्हाळ्यात चर्च रिकामी, कॉलेजचे विद्यार्थी रिकामे, मुलंही रिकामी, मग तिन्ही एकत्र का आणू नयेत? आमच्याकडे कॉलेजची मुलं पुण्याला असतात. पण दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघणाऱ्या मुली घरी असतात, भांडी घासून कंटाळलेल्या. उजव्या पानावरची पहिली नावं त्यांची.

दरवर्षी छापील साहित्याचा एक खोका येतो. शिक्षकांची पुस्तिका, मुलांच्या कामवह्या, चित्रांचे तक्ते, पेन ड्राइव्हवर गाणी. कधी जंगलाची कल्पना धरून सगळं सजवलेलं, कधी अंतराळाची. त्यामागे कुणाचे तरी कष्ट असतात, आणि गाणी तर मुलं पुढे दिवाळीपर्यंत म्हणतात. पण एका वर्षी मी बालवर्गाच्या मागे उभी होते. शिक्षिका हुशार होती, डी.एड. झालेली. पुस्तिका हातात धरून ती शमुवेलाची गोष्ट एकही शब्द न चुकता वाचत होती, आणि मुलं तिच्याकडे बघतच नव्हती. एक मुलगा पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हाच्या कवडशात बोट घालून बसला होता. रात्रीच्या अंधारात एका लहान मुलाला कुणीतरी नावाने हाक मारतं, तो तीनदा उठून म्हाताऱ्या एलीकडे धावतो, अशी ती गोष्ट. पाठीवर काटा यावा अशी. पण ती कागदावरून निघून कागदावरच परत गेली. त्या दिवसापासून मी शिक्षक शोधणं सोडलं आणि गोष्ट सांगणारी माणसं शोधू लागले.

पहिले सापडले ते काका. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेले, निवृत्त होऊन उपासनेला दाराजवळच्या बाकावर बसणारे. योनासाठी त्यांचं नाव मी सुचवलं, तेव्हा कमिटीत थोडी शांतता पसरली. शिक्षण सातवी, वाचन अडखळत, शब्बाथशाळेचा अनुभव नाही. पाळकसाहेब म्हणाले, एक दिवस देऊन बघू.

काका पुस्तिका न घेताच आले. सतरंजीच्या मधोमध उभे राहिले.

"आरं पोरांनो, देव योनाला काय म्हनला? निनवेला जा. निनवे कुठं? हिकडं." उजवा हात उगवतीकडे. "आन् ह्यो गडी गेला याफोच्या बंदरावर. तिथं बोट कुठली लागली व्हती? तार्शीसची. तार्शीस कुठं? हिकडं." डावा हात मावळतीकडे, जमेल तेवढा लांब. "पार टोकाला. खिडकीपाशी गेला आन् म्हनला, एक तार्शीस." मग जिभेने तिकीट पंच केल्याचा आवाज काढला. टिक्. हात वर नेऊन न दिसणारी दोरी ओढली. टण् टण्. "डबल बेल! सुटली गाडी!"

सत्तर मुलं टक लावून त्या दोरीकडे बघत होती.

"आन् एक ध्यानात घ्या," काका खाली बसत म्हणाले, "त्यो फुकट्या न्हवता. त्यानं भाडं भरलं. शास्त्रात लिवलंय तसं. देवापासनं पळायचं, तर पैसं पदरचं जात्यात."

घरी येऊन मी शास्त्र उघडलं. योनाचं पुस्तक केवढं, ४ अध्याय आणि ४८ वचनं. पहिल्याच अध्यायात तो भाडं भरून बोटीत चढल्याचं लिहिलेलं आहे. चाळीस वर्षं मी ते वाचत होते आणि ते भाडं मला कधी दिसलं नव्हतं. दिसलं ते तीस वर्षं सुट्टे पैसे मोजलेल्या माणसाला. त्या पुस्तकाचा शेवटही काकांनी त्यांच्या पद्धतीने सांगितला होता. निनवेत उजवा-डावा हात न कळणारी १,२०,००० माणसं होती, देवाला त्यांची कीव आली. "आन् गुरांची बी," असं म्हणून ते थांबले. ज्यांच्या घरी गाय होती त्या मुलांचे चेहरे मी पाहिले.

मग मी तशीच माणसं धुंडाळू लागले. रूथच्या गोष्टीपाशी दरवर्षी एक शब्द अडायचा. मराठी शास्त्रात रूथ शेतात सरवा वेचते. आमची मुलं आता इंग्रजी शाळेत जातात, सरवा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नसतं, आणि पुस्तिकेत त्याचा अर्थ 'उरलेलं धान्य गोळा करणे' असा दिलेला असतो. अर्थ बरोबर आहे, पण त्याने कुणाची कंबर दुखत नाही. त्या पाठासाठी मी मावशींकडे गेले. मावशी तरुणपणी लोकांच्या रानात भुईमुगाचा सरवा वेचायच्या. त्या म्हणाल्या, मला सही येती तेवढंच, मी काय शिकवू?

त्या आल्या त्या पदरात शेंगा घेऊन. आदल्या संध्याकाळी आवाराच्या कोपऱ्यातली माती उकरून त्यांनी काही शेंगा पुरून ठेवल्या होत्या. सकाळी मुलांना तिथे उकिडवं बसवलं आणि बोटांनी माती उकरायला लावली. ऊन चढत होतं. एकाला दोन शेंगा मिळाल्या, एकाला काहीच नाही. मग त्यांनी सांगितलं, बवाजाने आपल्या गड्यांना बजावलं होतं, तिच्यासाठी मुद्दाम थोडं गळू द्या आणि तिला रागावू नका. एवढं सांगून त्या जरा वेळ गप्प राहिल्या. "मला बी एका रानात असंच मुद्दाम सोडलेलं घावायचं," त्या म्हणाल्या. "मालकीण कधी बोलली न्हाई. पन वेचनाऱ्याला कळतं."

ज्या मुलाला काहीच मिळालं नव्हतं, त्याच्या शेजारच्या मुलीने मातीत हळूच एक शेंग टाकलेली मी पाहिली.

मराठीत ही गोष्ट पहिल्यापासून अशी सांगण्यातूनच रुजत आली आहे. १६१६ साली गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, ते ओवीत आहे. म्हणायला आणि ऐकायला. नारायण वामन टिळकांनी येशूची कथा कीर्तनात उभी केली, ख्रिस्तायन लिहायला घेतलं, आणि ९ मे १९१९ रोजी ते गेल्यावर ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. पंडिता रमाबाई केडगावला मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करत होत्या, तेव्हा साध्यासुध्या बायकांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. ९ मे हा दिवस बहुतेक वेळा आमच्या शाळेच्या दहा दिवसांतच येतो. त्या दिवशी आम्ही वेगळं काही करत नाही. फक्त टिळकांचं एक भजन पेटीवर जास्त वेळ चालतं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी शिक्षकांची तालीम असते, उंबराखाली. पुस्तिका घरी ठेवून यायचं आणि आपली गोष्ट इतरांना सांगायची, एवढंच. पहिल्या वेळी सगळ्यांचा आवाज कापतो. जक्कय मात्र सगळ्यांना सांगायचा असतो, कारण मराठी शास्त्रात तो उंबरावरच चढतो आणि आमचा उंबर तिथे डोक्यावर असतोच. पॅलेस्टाईनमधलं ते झाड म्हणजे आपला उंबर नव्हे, त्याचा भाऊबंद. भाषांतर करणाऱ्यांनी आपल्या ओळखीचं नाव दिलं, हे फार चांगलं केलं. उंबराचं फळ फोडलं की आत चिलटं निघतात हे आमच्या मुलांना माहीत असतं. जक्कयाच्या झाडावरच्या फळांत पण किडे होते का, असं एका छोटीने विचारलं होतं. होते, असं मी म्हणाले, आणि ते उत्तर बरोबरच होतं.

यंदा मार्चमध्ये काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पहिल्या डोळ्यात काहीतरी गुंतागुंत झाली, दुसरा लांबला, आणि उन्हात-धुळीत फिरायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. वहीत योनासमोरची जागा मी कोरीच ठेवली. दुसरं कुणाचं नाव तिथे लिहवत नव्हतं. एका रविवारी दहावीची परीक्षा दिलेली एक मुलगी माझ्या बाकाशी आली. सहा वर्षांपूर्वी सतरंजीवर पुढच्या रांगेत बसणारी. खाली बघत म्हणाली, "बाई, काकांचा योना मला येतो."

मी तिला काकांकडे धाडलं. पंधरा दिवस ती रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात जात होती. काका काळा चष्मा लावून बाजेवर बसायचे आणि ती उभी राहून सांगायची. भाषेत त्यांनी काही बदलू दिलं नाही, असं मला वाटलं होतं. पण तिनेच एक दिवस सांगितलं, ते म्हणाले, माझ्यासारखं बोलू नको, तू तुझ्यासारखं बोल, फक्त भाडं विसरू नको.

सातव्या दिवशी ती सतरंजीच्या मधोमध उभी राहिली. ओढणी गाठ मारून खोचलेली. शेजारी दुसरी शिक्षिका, नियमाप्रमाणे. काका आले होते. कुणीतरी त्यांना रिक्षातून आणून दाराजवळच्या बाकावर, सावलीत बसवलं होतं. तिने उजवा हात उगवतीकडे केला. निनवे. डावा हात मावळतीकडे. तार्शीस. योना खिडकीशी गेला, खिशात हात घातला आणि पूर्ण भाडं मोजून दिलं. तिने जीभ टाळ्याला लावली. टिक्.

मग ती दोरीसाठी हात वर नेणार, तेवढ्यात समोरच्या सगळ्या मुलांचे हात आधीच वर गेले होते. दाराजवळच्या बाकावरचाही एक.

टण् टण्.