गुंज, शेकेल आणि होन

दावीद आणि गल्याथ यांच्या कथेत गल्याथाच्या चिलखताचे वजन पाच हजार शेकेल सांगितले आहे. त्याचे किलो किती, असा प्रश्न इतिहासाची गोडी असलेले तरुण वाचक हटकून विचारतात. उत्तर साधारण ५७ असे आहे. मला मात्र उत्तरापेक्षा ते आले कोठून, हे अधिक मोलाचे वाटते.

वीस गेरा म्हणजे एक शेकेल, हे हिब्रू ग्रंथच सांगतो. पण शेकेल हाताला किती जड लागे, ते तो सांगत नाही. त्या काळच्या वाचकाला ते ठाऊकच होते. तिथून ग्रॅमपर्यंतचा पूल बांधला तो यहूदाच्या प्रदेशात उत्खननात सापडलेल्या लहान घुमटाकार दगडी वजनांनी. त्यांवर शेकेलची खूण कोरलेली आहे. ती काट्यावर ठेवली की एक शेकेल ११.३ ते ११.४ ग्रॅमच्या आसपास भरतो. आता मेख अशी की हे दगड बहुतांशी इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांतले आणि गल्याथाची कथा त्याहून दोन-तीन शतके आधीच्या काळाविषयीची. म्हणजे एका काळाचे माप आपण दुसऱ्या काळाला लावतो. दुसरा इलाज नाही. पण लावतो आहोत, याचे भान हवे.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. मला ते बेगडेवाडीच्या आमच्या घरातच भेटले. आजीच्या पश्चात दागिन्यांची वाटणी झाली, तेव्हा पणजोबांच्या हातची १९३८ सालची एक याद निघाली. तीत ‘पाटल्या, तोळे ७’ अशी नोंद होती. सोनाराच्या काट्यावर त्याच पाटल्या ८१ ग्रॅमहून किंचित अधिक भरल्या. तोळा म्हणजे दहा ग्रॅम, तेव्हा सत्तरच हव्यात, असा थोरल्या आत्याचा हिशेब. मग वरचे अकरा ग्रॅम कोणाचे? पाटल्या मोडून पुन्हा घडवताना धाकट्या आत्याचा गोफ त्यांत गेला असावा, अशी कुजबुज सुरू झाली. दोघी बहिणी दिवाळीलाही एकमेकींकडे गेल्या नाहीत.

गोफ कोठेच गेला नव्हता. दहा ग्रॅमचा तोळा ही सराफी पेढीवरची अलीकडची बोली आहे. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आल्यानंतर ती रुळली. पणजोबांचा तोळा वेगळा. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे शहाण्णव गुंजा. या तोळ्याला कंपनी सरकारने १८३३ साली रुपयाच्या नाण्याशी बांधले आणि त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरले. त्याला सातने गुणा: ८१.६. यादीतला आकडा चोख होता, आणि जी किंचित तूट दिसली ती पाटल्यांच्या झिजेची. (शेकेल आणि तोळा इतके जवळ यावेत हा निव्वळ योगायोग, त्यावरून कोणी ‘प्राचीन संबंध’ जोडू लागले, तर दोन हात दूर राहावे.)

आजोबांच्या पेटीतल्या लाल-काळ्या गुंजा मी हौसेने तोलून पाहिल्या. हिशेबाने गुंज ०.१२ ग्रॅमची, पण निवडलेल्या दहा थोर गुंजा आणि दहा लहान गुंजा यांत काट्याला सहज कळेल एवढा फरक पडतो. शहाण्णव हे गुणोत्तर शतकानुशतके टिकले, गुंज मात्र वेलीगणिक बदलत राहिली.

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची तुला. १६७४ साली राज्याभिषेकासाठी रायगडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन आला होता. शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली आणि वजन सुमारे १६,००० पगोडे, म्हणजे होन, भरले, असे त्याने लिहून ठेवले आहे. यावरून महाराजांचे वजन दशांश चिन्हासह सांगणारी चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण होन कोणता? आज उपलब्ध असलेला शिवराई होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास आहे. त्याने ४४ किलो येतात. दक्षिणेत रूढ असलेला पगोडा सुमारे ३.४ ग्रॅमचा, त्याने ५४ येतात. एकाच नोंदीतून दहा किलोंचे अंतर! सभासदाच्या बखरीत तर खजिन्यातील होनांच्या कितीतरी जाती दिल्या आहेत.

माझा कल ५४ कडे आहे. ऑक्झेंडन व्यापारी कंपनीचा माणूस. त्याच्या लेखणीतला पगोडा बाजारात चालणाराच असणार, नुकताच पाडलेला शिवराई नव्हे. तरीही ‘५४.४’ लिहायला माझा हात धजत नाही. सोळा हजारांच्या आधी त्याने स्वतःच ‘सुमारे’ लिहिले आहे, आणि गुणाकार करताना सर्वांत आधी गळतो तो हाच शब्द.