पहिली नाव

मराठीत ‘नाव’ असे उच्चारले जाणारे दोन वेगळे शब्द आहेत. एक संस्कृत ‘नौ’पासून आलेला, पाण्यावर तरंगणारा, दुसरा ‘नामन्’पासून आलेला, माणसाला जन्मभर चिकटणारा. ध्वनिपरिवर्तनाच्या ओघात दोघेही एकाच उच्चारापाशी येऊन थांबले. समोच्चारी शब्दांचे हे उदाहरण मी वर्गात कितीतरी वर्षे देत आले आहे. मात्र आमच्या कुटुंबाने पहिली नाव विकत घ्यायचे ठरवले, तेव्हा फळ्यावरच्या नावेविषयी मला जेवढे ठाऊक होते, त्याच्या शतांशानेही पाण्यावरच्या नावेविषयी ठाऊक नव्हते, हे मला कबूल करावे लागले.

माझे माहेर सिंधुदुर्गात, कर्ली खाडीच्या काठी. घरामागच्या माडांतून दहा पावले चालले की जांभ्याच्या पायऱ्या आणि पायऱ्यांखाली पाणी. तेथे माझा थोरला भाऊ, वहिनी, भाचा आणि ऐंशी ओलांडलेली आई राहतात. मी नोकरीनिमित्त घाटावर स्थायिक झालेली. सुटीत लेकीला घेऊन येणारी माहेरवाशीण. खाडी दाराशी असूनही आमच्या घरची होडी नव्हती. वडिलांचा पेशा शिक्षकाचा. ते पाण्याकडे केवळ पाहत. त्यामुळे दादाने एके दिवशी, “आपण सगळ्यांनी मिळून एक होडी घेऊया,” असे म्हटले, तेव्हा ती कोणत्या कामासाठी घ्यावयाची याविषयी घरात जितकी माणसे तितकी मते निघाली.

भाच्याने देवबाग-तारकर्लीच्या किनाऱ्यावरील जलक्रीडा पाहिलेल्या. त्याला वेगाची बोट हवी होती. मागे दोर बांधून हवेने फुगवलेली नळी ओढता यावी, मित्रांनी तीवर बसून किंचाळावे, ही त्याची कल्पना. दादाला सकाळी निघून डबा खाऊन संध्याकाळी परतता येईल अशी सावलीची बोट हवी होती. माझ्या बारा वर्षांच्या लेकीला संगमाजवळचे डॉल्फिन पाहायचे होते. आईला कोणी विचारले नव्हते. सर्वांचे बोलून झाल्यावर तीच म्हणाली, “माका चढूक जमात मां?”

तो प्रश्न आम्ही ऐकला आणि हसून बाजूला ठेवला.

नौकांचे तळ नाना आकारांचे असतात, हे त्या महिन्यात मी शिकले. सपाट तळाची होडी उथळ पाण्यात चालते, उभी असताना डुलत नाही. परंतु लाटा उठल्या की तिचा तळ पाण्यावर आपटत राहतो. खोल, निमुळत्या तळाची बोट लाट कापत जाते. मात्र तिला अधिक पाणी लागते आणि थांबली की ती कुशीवर झुकते. आपल्या किनाऱ्यावरच्या कारागिरांनी यावर फार जुना उपाय योजला आहे. अरुंद होडीला एका अंगाने उलांडी जोडायची, म्हणजे ती कलंडत नाही. दोन अंगांच्या बोटीला इंग्रजीत जे नाव आहे, ते ‘कॅटमरान’ही मूळचे तमिळच, ‘बांधलेली लाकडे’ या अर्थाचे. आमच्या कोळीगीतांतला नाखवा फारसीतून आला: ‘नाव’ म्हणजे नौका आणि ‘खुदा’ म्हणजे धनी. फारसीतील ती नाव आणि आपली नाव सख्ख्या बहिणी. हे सारे मी घरी उत्साहाने सांगत असे. कोणती होडी घ्यावी, हे मात्र त्यातून ठरत नव्हते.

शेवटी एक वापरलेली वेगवान बोट पाहायला जायचे ठरले. भाऊबिजेचा दिवस. आम्ही निघालो तेव्हा आई ओसरीवर बसून बोटांची पेरे मोजत होती. तिथीला तिनाने गुणावे आणि चाराने भागावे, म्हणजे भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. “आज बीज,” ती म्हणाली, “दीडाक भरती. मगे पाणी फिरतला. उधाणाचा पाणी आसा, मुखार जाव नकात.” भाच्याने मोबाइल पाहिला, त्यातली वेळही काही मिनिटांच्या फरकाने तीच होती. तो हसला आणि आम्ही निघालो.

विक्रेता उशिरा आला. बोट पाण्यात उतरेपर्यंत चार वाजले. सहा माणसांना जीवरक्षक जाकिटे चारच होती. लेकीला मिळालेले जाकीट मोठ्या माणसाचे, बसताच तिच्या कानांपर्यंत वर सरकणारे. आम्ही मुखाकडे निघालो. तेथे अमावास्येनंतरच्या उधाणाची ओहोटी समुद्राकडे धावत होती आणि पश्चिमेचा वारा तिच्या उलट खाडीत शिरत होता. पाणी आणि वारा असे समोरासमोर आले की लाटा आखूड, उंच आणि उभ्या होतात. हे मला आज समजते. तेव्हा एवढेच दिसले, की बोटीची नाळ वर उचलली जाते आहे आणि धाडकन खाली येते आहे. तेवढ्यात इंजिन गुरगुरले आणि बंद पडले. पंख्यात जाळ्याचा तुटका दोर गुंतला होता.

विक्रेत्याने वल्हे शोधले. वल्हे नव्हते. नांगर होता, पण त्याचा दोर तळापर्यंत पुरेना. ओहोटी आम्हांला समुद्राकडे नेत होती. सर्वजण एकाच बाजूला वाकून पंख्याकडे पाहू लागले, तशी बोट त्या अंगाला झुकली, दादा ओरडला, “खाली बसा, मधे बसा!” लेकीने माझा हात धरला होता. मला पोहता येत नाही. भाषेचे अध्यापन करणाऱ्या मला त्या वेळी तिला धीर देणारे एकही वाक्य सुचले नाही.

सुमारे पंधरा मिनिटांनी एक मच्छीमार आपल्या छोट्या होडीतून आमच्याकडे आला. त्याने दोर टाकला, आम्हांला आडोशाच्या पाण्यात आणून सोडले आणि पैसे घेण्यास नकार दिला. जाताना भाच्याला एवढेच म्हणाला, “वल्ह्याशिवाय पाण्यात येव नको.”

त्या रात्री जेवताना कोणी बोटीचा विषय काढला नाही. आईने सर्वांकडे पाहिले आणि काय झाले असावे, ते ओळखले. ती रागावली नाही. “पाणी कोणाक इचारून फिरणा नाय,” एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादा आमच्या शेजारच्या वाडीतील एका वृद्ध तांडेलाकडे गेला. मीही गेले. आम्ही लांबी, अश्वशक्ती, किंमत असे कागदावर लिहून नेले होते. त्यांनी कागद हाती घेतला नाही. “हेच्यात कोण कोण बसतले?” त्यांनी विचारले. आम्ही नावे सांगू लागलो आणि आईच्या नावाशी आलो, तेव्हा ते म्हणाले, “मगे ती चढतली तशी व्हडी बघा.”

विद्यार्थिमित्रहो, एवढ्या साध्या प्रश्नाशी यायला आम्हांला महिना लागला होता. घरातला जो सर्वांत धडधाकट, त्याच्या सर्वांत चांगल्या दिवसाचा विचार करून आम्ही नाव शोधत होतो. ती शोधावी लागते ती घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसासाठी आणि वारा फिरल्यानंतरच्या परतीच्या तासासाठी.

आम्ही सोळा फुटांची, रुंद व जवळजवळ सपाट तळाची फायबरची होडी घेतली. कड पायरीशी समपातळीत येईल इतकी बसकी. लहान इंजिन, दोन वल्ही, लांब दोराचा नांगर, माणशी एक जाकीट आणि लेकीच्या मापाचे वेगळे. नोंदणी व तपासणी करून घेतली. अंतर्देशीय जलयानांविषयीच्या २०२१च्या कायद्याने यांत्रिक नौकेला ती आवश्यक केली आहे. तिच्यामागे नळी ओढता येत नाही, याचे भाच्याला दुःख आहे. तो आता वल्हवायला शिकला आहे. मीही पन्नाशी उलटल्यावर पोहण्याच्या वर्गाला जाऊ लागले आहे. खाडीतच फिरायचे, मुखाबाहेर जायचे नाही आणि मासेमारी बंदीच्या जून-जुलैत व नारळीपौर्णिमा होईपर्यंत होडी काठावर झापांखाली ठेवायची, असा घरचा नियम आहे.

मार्गशीर्षातल्या एका दशमीला आई प्रथम तिच्यात बसली. साडेसातची भरती, वारा उठलेला नव्हता. पाणी वरच्या पायरीला लागले होते. दादाने होडी धरली, भाच्याने हात दिला आणि ती एका पावलात आत आली. पलीकडच्या तीरावर तिचे माहेर. लग्न होऊन ती तरीतून या काठाला आली होती. पुढे रस्ता झाला, पूल झाला, तर बंद पडली. पाण्यावरून ती पुन्हा गेलीच नव्हती.

पलीकडे उतरलो. घर कधीचे बंद. अंगणात रान माजलेले, तुळशीवृंदावन एका बाजूने खचलेले. आई वृंदावनापाशी थोडा वेळ उभी राहिली. कोणाचे नाव घेतले नाही, डोळे पुसले नाहीत. मग बोटांची पेरे मोजली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “चल गो चेडवा, पाणी फिराक लागला.”

आम्ही वेळेत परतलो.