ओसाकातला मुक्काम आणि आडनावाचा प्रश्न

परगावी जायचे ठरले की आपल्या घरात पहिला प्रश्न निघतो तो मुक्कामाचा. तिकिटाची सोय कशीही होते. पण रात्री पाठ टेकायची कुठे, हा प्रश्न आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या छळत आला आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दौंडहून गाडीने नागपूरला जाणारी आपली माणसे दीक्षाभूमीच्या मैदानात सतरंजी अंथरून झोपतात. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या मांडवात रात्र काढतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मात्र परदेशात सतरंजी चालत नाही.

आमचे घर शिरूरला, नोकरी दौंडला. पेशा कारकुनाचा आणि शिक्षण बी.कॉम., त्यामुळे चार माणसे कुठे निघाली की हिशेबाची वही आमच्याच हाती येते. जपानमधील कोयासान विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा उभारला गेला. महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. तो एकदा पाहून यावा असे कित्येक वर्षे मनात होते. शेवटी भिशीचे आणि बचतीचे पैसे एकत्र करून पाच माणसे तयार झाली: आम्ही, आमच्या सौ., दौंडचे एक निवृत्त रेल्वे गार्ड, त्यांच्या मंडळी आणि शिरूरच्या एक शिक्षिका बाई.

व्हिसाच्या अर्जातच रोजचा मुक्काम कुठे ते लिहावे लागते. म्हणून घर सोडण्याआधीच जागा शोधणे भाग होते. कोयासान हे नवव्या शतकात कुकाई या भिक्षूने वसवलेले डोंगरावरचे मठांचे गाव. तिथल्या सुमारे पन्नास मठांत प्रवाशांची सोय होते. संध्याकाळचे आणि सकाळचे शाकाहारी जेवण मिळते, पहाटेच्या वंदनेला बसता येते. पण दर माणशी होता आणि तो तेव्हा दहा-पंधरा हजार येनांच्या घरात जात होता. येन साधारण सत्तावन्न पैशांचा धरला तर माणशी सहा ते साडेआठ हजार रुपये, तेही एका रात्रीचे. गार्डसाहेब म्हणाले, "साहेब, आपण डोंगराखाली राहू. गाडीने सकाळी जाऊ, संध्याकाळी परत येऊ." रेल्वेच्या माणसाला गाडीचेच सुचणार, पण सल्ला बरोबर होता. कोयासानला जाणारी नानकाई रेल्वे ओसाका शहरातून सुटते. प्रवास दीड-दोन तासांचा, शेवटचा टप्पा दोरखेच्या गाडीने चढायचा.

ओसाकात मध्यवस्तीतल्या साध्या हॉटेलचा भाव एका खोलीला बारा हजार येन होता. तीन खोल्या, चार रात्री म्हणजे ऐंशी हजारांच्या वर रुपये. शोधता शोधता शिन-इमामिया स्टेशनजवळची वस्ती सापडली. दोघांची खोली साडेचार हजार येन, एकट्याची अडीच हजार. पाच जणांच्या चार रात्रींचे ४६ हजार येन झाले, म्हणजे सुमारे २६ हजार रुपये. माणशी सव्वापाच हजार. कोयासानची गाडीही याच स्टेशनावर थांबते. वही मिटली आणि आम्ही तिथेच जागा पक्की केली.

खोली पाहून आमच्या सौ. हसल्या. जमिनीवर गवती चटया, त्याला ते तातामी म्हणतात. एक चटई साधारण सहा फूट बाय तीन फूट. एकट्याच्या खोलीत अशा तीनच चटया बसतात, म्हणजे सहा बाय नऊची जागा. गादी गुंडाळून ठेवायची, रात्री पसरायची. चपला दारात. संडास सगळ्यांचा मिळून, अंघोळीची जागा खाली आणि तिच्या वेळा ठरलेल्या. बाई म्हणाल्या, "वहिनी, ही तर आपली चाळच!" फक्त स्वच्छता अशी की चाळीने शिकावी.

ही वस्ती स्वस्त का, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे. निशिनारी विभागातल्या या भागाचे जुने नाव कामागासाकी. इथे रोजंदारीवरचे मजूर राहत. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामांसाठी देशभरातून मजूर इथे आले. त्यांच्या हातांनी पूल उभे राहिले, रस्ते झाले, आणि ते स्वतः मात्र तीन चटयांच्या खोलीत राहिले. जपानी भाषेत मुक्कामाच्या जागेला 'यादो' म्हणतात. मजुरांनी अक्षरे उलटी करून या खोल्यांना 'दोया' नाव पाडले. माणसाने राहावे अशी ही जागा नव्हे, म्हणून नावही उलटे, असे सांगतात. पुढे मजूर म्हातारे झाले, काम आटले, आणि काही मालकांनी त्याच खोल्या प्रवाशांना द्यायला सुरुवात केली. मजुरांचे मोठे कामगार केंद्र २०१९ मध्ये बंद झाले. आम्ही ज्या गादीवर स्वस्तात झोपलो, तिथे आधी कुणीतरी कष्टकरी झोपत होता. ही गोष्ट वहीत मांडता येत नाही, पण विसरताही येत नाही.

काउंटरवर आमच्याकडे पासपोर्ट मागितला, त्याची प्रत घेतली आणि किल्ली दिली. एवढेच. जपानमध्ये १९४८ पासून कायदा आहे की ठरावीक कारणांखेरीज मुक्कामाला आलेल्या माणसाला नाकारता येत नाही. पण म्हणून तिथे सगळे आलबेल आहे असे कुणी समजू नये. २००३ साली कुमामोतो प्रांतातल्या एका हॉटेलने कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांना जागा नाकारली आणि देशभर गदारोळ झाला. जपानमध्ये बुराकू नावाचा समाजही आहे. चामड्याचे आणि मेलेल्या जनावरांचे काम त्यांच्या वाट्याला टाकून त्यांना अस्पृश्य ठेवले गेले. १९२२ मध्ये क्योतोला त्यांनी स्वतःची समतेची संघटना उभी केली. तरीही १९७५ मध्ये उघडकीस आले की त्यांच्या वस्त्यांच्या नावांची यादी छापून विकली जात होती आणि कंपन्या ती विकत घेऊन नोकरीला आलेल्या मुलांचा पत्ता तपासत होत्या. तिथे आडनावावरून कळत नाही, म्हणून पत्ता विचारतात. आपल्याकडे आडनाव विचारतात. फरक एवढाच.

हा प्रश्न आम्हांला शिरूरमध्ये रोज भेटतो. रांजणगावच्या एमआयडीसीत मराठवाड्यातून, विदर्भातून मुले कामाला येतात. खोली शोधताना घरमालक आधी भाडे सांगतो, मग विचारतो, "आडनाव काय?" त्यानंतर खोली अचानक पाहुण्यांसाठी लागते. आमच्याकडे आलेल्या एका मुलाने सरळ सांगितले, "काका, मी दुसरेच आडनाव सांगून राहतोय. घरून कुणी येणार म्हटले की पोटात गोळा येतो." आई भेटायला येते म्हटल्यावर आनंद व्हायचा, त्याऐवजी मुलाला भीती वाटते.

बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांनाही पारशी नाव लावून पारशांच्या विश्रामगृहात राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसे आली आणि त्यांना बाहेर काढले. त्याला शंभरावर वर्षे झाली. राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने हॉटेलांची दारे उघडली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात धर्मशाळा, सराई यांच्याबरोबर राहती जागा घेण्याचा हक्कही आहे. तरी त्या मुलाला आडनाव बदलावे लागते, कारण तक्रार केली तर झोपायचे कुठे, हा प्रश्न त्याच रात्री उभा राहतो.

म्हणून आधी जागा उभी केली पाहिजे. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, ती आपल्या लोकांना शिक्षणासाठी निवारा हवा हे ओळखूनच. आमच्या बैठकीत आता एवढेच ठरले आहे: विहारामागच्या दोन रिकाम्या खोल्या नीट करायच्या. कामाला आलेल्या, परीक्षेला आलेल्या किंवा दवाखान्यात नातेवाईक असलेल्या माणसाला पंधरा दिवस माफक भाड्यात राहू द्यायचे. त्या पंधरा दिवसांत त्याला खऱ्या नावाने खोली मिळवून द्यायला आपण सोबत जायचे, गरज पडली तर पोलीस ठाण्यातही. नोंदवहीत नाव, गाव आणि ओळखपत्राचा क्रमांक लिहायचा. जातीचा रकाना ठेवायचा नाही.

एक गोष्ट घरातलीही सांगितली पाहिजे. आपल्यातल्या काहींनी शिरूर-दौंडला घरे बांधली, वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवले. त्यांच्यातही मातंग कुटुंब आले, मुसलमान कुटुंब आले की खोली पाहुण्यांसाठी लागते. ज्यांनी ही वागणूक सोसली त्यांनीच ती पुढे द्यावी, हे कोणत्या शिकवणीत बसते? ज्या बंधू-भगिनींकडे रिकामी खोली असेल त्यांनी दारावर पाटी लावावी आणि येणाऱ्याला भाडे, पाण्याची वेळ आणि विजेचे मीटर एवढेच सांगावे.