आम्ही केलेले रेल्वे स्टेशन

आमच्या बिलोलीला रेल्वे नाही. म्हणून यंदा आम्ही चौथीच्या मुलामुलींनी वर्गातच रेल्वे स्टेशन तयार केले.

आधी गुरुजींनी माहिती सांगितली. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते 1998 साली सुरू झाले. तिथे छोट्या गाड्या विजेवर धावतात. आमची गाडी सुतळीने ओढावी लागते, पण मापे मात्र बरोबर आहेत.

खऱ्या 1 मीटरला आम्ही 2 सेंटिमीटर धरले. मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांत 1 मीटर 67.6 सेंटिमीटर अंतर असते. म्हणजे जवळजवळ एका मोठ्या माणसाच्या उंचीएवढे! आमच्या रुळांत ते साडेतीन सेंटिमीटरला थोडे कमी आले. एक डबा सुमारे 23 मीटर लांब असतो. आमचा डबा 46 सेंटिमीटर झाला. असे 20 डबे जोडले तर गाडी 9 मीटरच्या वर जाईल, थेट व्हरांड्यात! मग आम्ही तीनच डबे केले.

सायकलच्या आऱ्या जोडून रूळ केले. त्याखाली तुराट्यांचे तुकडे आडवे टाकले. खडी म्हणून मांजरेची जाड वाळू पसरली. स्टेशन बुटाच्या खोक्याचे आहे. बाभळीच्या डहाळ्यांना हिरवा भुसा खळीने चिकटवून झाडे केली. निळा कागद अंथरून गोदावरी केली, कारण धर्माबाद आणि बिलोलीच्या मध्ये गोदावरी आहे.

पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत नाव काय लिहायचे, यावरून लय भांडण झाले. मी म्हणलं, "बिलोली लिहू." मुली म्हणाल्या, "बिलोलीला रेल्वेच नाही, मग खोटं कशाला लिहायचं?"

पण मला बिलोलीच पाहिजे होतं. माझे बापू हैदराबादला बांधकामावर जातात. सणाला येताना ते धर्माबादला उतरतात. गाडी रात्रीची असली की पुढे यायला काही मिळत नाही. मग ते पिशवी उशाला घेऊन फलाटावरच पहाटेपर्यंत थांबतात. इकडे माय रातभर जागीच राहते.

गुरुजींनी सगळ्यांचे ऐकून घेतले. ते म्हणाले, "स्टेशन जिथं आहे, तिथलंच नाव लिहा. पण स्टेशनच्या बाहेर काय असावं, ते तुम्ही ठरवा."

पाटीवर आम्ही "धर्माबाद" लिहिले. मी काड्यापेट्या चिकटवून एक लाल बस केली आणि स्टेशनच्या बाहेर उभी केली. तिच्यावर "बिलोली" लिहिले. आत बॅटरीचा बल्ब लावला. आमच्या देखाव्यात रात्रीची गाडी आल्याशिवाय ही बस हलत नाही. आम्ही मातीची आठ माणसे केली. त्यातला एकही फलाटावर झोपलेला नाही. पिशवीवाला माणूस बसच्या खिडकीपाशी बसला आहे.

देखावा चौथीच्या वर्गात खिडकीजवळ ठेवला आहे. पालकांनीही जरूर पाहावा. कृपया हात लावू नये, खळ अजून ओली आहे.

– इयत्ता 4 थी