बापाची रेघ

वंशावळीचा तक्ता मी अजून पेन्सिलीनेच काढते. सिकलसेलच्या कामावर आलेली नवी मुलगी टॅबवर काढते. तिचे गोल-चौकोन छापल्यासारखे येतात, माझे हल्ली एका अंगाला कलतात. ते जिव्हारी लागतं, खोटं कशाला बोलू! मानोऱ्यापासून रिसोडपर्यंत माझ्या तक्त्यांचं कौतुक झालंय. चार पिढ्या एका कागदावर, पण रेघेत रेघ अडकत नाही. घरोघर मामेबहीण केलेल्या घराण्यात हे जमवून दाखवावं कुणीही.

टॅबशी माझं भांडण मात्र वेगळंच आहे. आई एएस म्हणजे वाहक, लेकरू एसएस म्हणजे रुग्ण आणि बापाची सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह! असं घर समोर आलं की बापाच्या चौकोनातून खाली रेघ ओढायला हात धजत नाही. १९४९ साली जेम्स नील यांनी रुग्णांच्या आईबापांचं रक्त तपासून दाखवलं की आजार दोन्हीकडून यावा लागतो. आमचा सगळा डोलारा त्यावर उभा. मग हा बाप कोरा कसा?

असं पहिलं घर आलं तेव्हा नवी मुलगी बोलली काहीच नाही, पण तिची नजर त्या बाईवर गेली. मी तिला आधी लेकराचा सीबीसी बघायला लावला. पेशी बारीक, एमसीव्ही बराच खाली. मग बापाचं एचपीएलसी मागवलं, तर हिमोग्लोबिन ए-टू चढलेलं. माणूस बीटा थॅलेसेमियाचा वाहक निघाला. सोल्युबिलिटीला एस तेवढा कळतो, थॅलेसेमिया तिच्या गावीही नसतो. लेकरू एसएस नव्हतंच, एस-बीटा होतं. तो रिपोर्ट पाहून मला जो आनंद झाला, तो त्या बाईसाठी कमी आणि माझी शंका खरी ठरली म्हणून जास्त होता.

जुलै २०२३ मध्ये सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, सात कोटी लोक तपासायचं ठरलं. चांगलंच झालं. पण शिबिरात नळ्या मोजल्या जातात, आजीला कोणी विचारत नाही की बाई, तुझी किती झाली नि किती गेली. तक्ता काढणारे हात कमी झाले ते असे.

खरी पंचाईत पुढेच आहे. बापाच्या अंगात लोह कमी असलं तर ए-टूही दबतं, म्हणून एका रिपोर्टवर मी कुणाचं बापपण काढून घेत नाही. पण लोह भरून काढलं, पुन्हा तपासलं आणि तरीही सगळं नॉर्मल आलं तर? शेजारी सासू बसलेली असते. “आमच्या घरान्यात असं काईच नाई, मॅडम.” मी सासूला बीपी मोजायला पाठवते आणि सुनेला एवढंच सांगते की पुन्हा दिवस राहिले तर लगेच ये, तिसरा महिना सरू देऊ नको. गर्भाला आजार आहे का, ते गर्भाच्याच पेशींवरून कळतं.

कागदावर मी रेघ अर्धी सोडते आणि बाजूला लिहिते, ‘तपासणी बाकी’. टॅब वडिलांचा रकाना भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. मुलीचं म्हणणं, बाकी काहीच नसताना ‘बाकी’ लिहिणं म्हणजे खोटंच. उद्या माझ्या जागी येणारा ते खरं धरून त्या माणसाला पुन्हा सुई टोचेल. तिचं चुकत नाही. तरी अशा फायलींवर, सासू बाहेरून परत येण्याआधी, मी माझाच शेरा मारते, आणि त्यावरून आमचं दोघींचं अजून वाजतं.